पटावरचे खेळ, घरची पाच माणसं आणि बाद झालेल्या भिडूचा प्रश्न

दीड_फासा

मंडळी, जरा सल्ला हवाय.

आमच्या घरी खेळायला बसणारी माणसं पाच. मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७२, कानाने थोड्या कमी, बाकी आमच्यापेक्षा तल्लख). गेल्या रविवारी बऱ्याच वर्षांनी मोनोपॉलीचा डबा काढला. दोन तासांनंतरचं दृश्य असं: मुलाचं दिवाळं वाजलेलं, तो कोचावर डोकं खाली पाय वर करून दर मिनिटाला "संपलं का?" विचारतोय. सासूबाई पाळी आली की फासे टाकतायत आणि मधल्या वेळात डुलकी काढतायत. नवरा आणि मुलगी एका रंगाच्या शेवटच्या जागेवरून हमरीतुमरीवर. मग जाता जाता चिरंजीवांचा पाय पटाला लागला. चुकून, असं त्याचं म्हणणं. हॉटेलं टेबलाखाली, नोटा पंख्याच्या वाऱ्यावर, डाव मोडला.

ओरडले त्याला. पण रात्री झोपताना तो जे म्हणाला ते डोक्यातून जात नाहीये. "मी हरलो म्हणून नाही गं रागावलो. हरल्यावर मी काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही."

तर, पाचही जणांना शेवटपर्यंत बसवून ठेवतील असे जुने-जाणते खेळ सुचवा. मोबाइलवरचे नकोत. नियम सांगायला अर्ध्या तासाच्या वर लागणारेही नकोत, सासूबाई उठून जातील.

पटाईत_काका

आधी एक सांगा. कुणी एखाद्या जागेवर आलं आणि त्याने ती घेतली नाही, तर तुम्ही पुढे काय करता?

दीड_फासा

काय करणार? पुढच्याची पाळी.

पटाईत_काका

वाटलंच. बहुतेक घरांत इथेच गाडं अडतं. मोनोपॉलीच्या छापील नियमांत स्पष्ट आहे की जागेवर आलेल्याने ती घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव. बोली कितीपासूनही सुरू करता येते आणि ज्याने नकार दिला तोही बोली लावू शकतो. हा नियम पाळला की दर मिनिटाला सगळ्यांना काहीतरी काम असतं आणि जागा भराभर संपतात. तुम्ही लिलाव गाळता, म्हणून अर्धा पट रिकामा राहतो आणि सगळे नुसते गोल गोल फिरत बसतात.

दुसरा प्रश्न. दंडाचे, कराचे पैसे मधोमध ठेवून 'फ्री पार्किंग'वर येणाऱ्याला देता का? देत असालच. नियमात हे कुठेही नाही. त्या चौकोनात काहीच होत नाही, नुसतं थांबायचं. फुकटचा पैसा खेळात आला की मरायला टेकलेला माणूस पुन्हा उठतो आणि डाव तासभर लांबतो. तुमचे दोन तास तिथे गेले.

तिसरं, घरं मोजकीच असतात. ३२ घरं आणि १२ हॉटेलं. बँकेतली घरं संपली की संपली, पेनाची टोपणं ठेवून चालत नाही. म्हणून जाणता माणूस तीन-चार घरांवर थांबतो, हॉटेल बांधतच नाही. हॉटेल घेतलं की चार घरं बँकेत परत जातात, आणि ती उचलायला दुसरा टपलेलाच असतो. तुमच्या मुलीला हे सांगा. बाबांना सांगू नका.

आणि ती शेवटची जागा कुठल्या रंगाची होती? नारिंगी असेल तर भांडण रास्त आहे. तुरुंगातून निघालेल्या माणसाला ६, ८ आणि ९ पडले की तो थेट नारिंगी जागांवर येतो, आणि तुरुंगात तर सगळेच जाऊन येतात.

दीड_फासा

काका, नारिंगीच होती 😄

उलटा_उंट

या खेळात माणसं चिडतात ही चूक नसून मूळ हेतूच आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' तयार केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमीन मोजक्यांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं ते लोकांना खेळून कळावं, म्हणून. त्यांनी नियमही दोन तऱ्हांचे केले होते. एकात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एकाने सगळ्यांना धुवायचं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली ती चार्ल्स डॅरो यांच्या नावावर, आणि टिकली ती धुण्याची पद्धत. तर तुमच्या चिरंजीवांनी पटाला पाय लावला ती मॅगीबाईंना दिलेली दाद समजा.

चिडका_बिब्बा

मला हे सगळं लाडावणं वाटतं. आम्ही हरलो, रडलो, 'रडीचा डाव' म्हणून चिडवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आठ वर्षांचा मुलगा म्हणजे काही कच्चं लिंबू नव्हे. हरला, बाहेर बसला, बास. सगळ्यांना शेवटपर्यंत खेळवायचं, सगळ्यांना खूश ठेवायचं, मग त्याला खेळ का म्हणायचं?

दीड_फासा

अहो, तो हरल्याबद्दल रडलेलाच नाही. दोन तासांचा कार्यक्रम ठरवून चाळीसाव्या मिनिटाला एकाला दाराबाहेर उभं करायचं आणि आतून हसण्याचे आवाज येऊ द्यायचे, याने तो काय शिकणार?

चिडका_बिब्बा

बरं, ही तुलना आवडली. तरी मत कायम.

आकडेमोड

लुडोबद्दल कुणी काही बोलायच्या आत मीच बोलतो. लुडोत माणूस बाद होत नाही, पण त्याहून वाईट होतं. तो सुरूच होत नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही. ओळीने सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता काढली तर साधारण ३३ टक्के येते. म्हणजे चौघे खेळत असाल, तर सहा फेऱ्यांनंतरही निदान एक जण घरातच कोंडलेला असण्याची शक्यता ८० टक्के. हे बहुतेक डावांत होणार. ज्याच्या वाट्याला येतं त्याला वाटतं की फासा आपल्यावरच डूख धरून आहे.

उपाय सोपा. सुरुवातीलाच प्रत्येकाची एक सोंगटी बाहेर ठेवायची. आमच्याकडे एवढ्याने निम्मी रडारड संपली.

दुसरा उपाय जुनाच आहे. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ चं, पण तो निघाला पचिसीतून, आणि पचिसी चौघे खेळतात ती जोड्यांनी. समोरासमोर बसलेले भागीदार. आपल्या सोंगट्या घरी गेल्या म्हणून कुणी सुटत नाही, जोडीदाराच्याही जायला हव्यात. त्यामुळे आपली सोंगटी मुद्दाम मागे ठेवून जोडीदाराच्या पाठलागावर असलेल्याला मारायचं, असे डावपेच करता येतात. लुडो काढताना हा सगळ्यात चांगला भाग का गाळला कुणास ठाऊक. लुडोच्याच पटावर जोड्या लावून खेळून बघा. आजी आणि नातू एका बाजूला.

सापशिडीचं मात्र काही होऊ शकत नाही. तिथे खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यायचा नसतो.

भिंगरी

सापशिडीचंही होतं हो! दोन फासे टाकायचे आणि त्यातला कुठला वापरायचा ते आपण ठरवायचं. माझी भाची सात वर्षांची. पहिल्यांदा असं खेळलो तेव्हा तिला ५ आणि २ पडले. पाचावर साप होता. ती बोटाने दोन घरं मोजून आली, मग पाच घरं मोजून आली, मग परत दोन, आणि इतक्या गंभीरपणे "मी दोन घेते" म्हणाली की टेबलावर सगळे गप्प. तोवर तिच्या लेखी साप म्हणजे नशीब होतं.

आकडेमोड

हे मान्य. शब्द मागे घेतो.

बाराखडी

शब्दांचे खेळ आवडत असतील तर आमचा घरगुती प्रयोग सांगते. जरा मोठं होईल.

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये आमच्या आईचा जीव रमेना. मराठीतून करायला गेलो तर पहिलाच प्रश्न काना-मात्रांचं काय? प्रत्येक बाराखडीच्या वेगळ्या सोंगट्या केल्या तर पोतंभर होतील. शेवटी ठरलं की सोंगटीवर फक्त व्यंजन, आणि सगळ्या स्वरांसाठी एकच 'अ'. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आपल्या मनाने लावायचे, पण सोंगटी ठेवतानाच शब्द मोठ्याने म्हणायचा. म्हटला की त्या दिशेने तो पक्का. उभ्या शब्दात त्याच अक्षराला दुसरी मात्रा चालते.

म आणि ळ एवढी दोनच अक्षरं घ्या. मळ, माळ, मूळ, मेळ, मळा, माळा, मुळा, मेळा, माळी, मोळी. आई पहिल्याच डावात सुटली. आम्ही इंग्रजीत तिला आठ आठ मिनिटं द्यायचो, इथे तीच आम्हाला "आटपा" म्हणायला लागली.

जोडाक्षरांवर मात्र महाभारत झालं. आधी बंदी होती. मग माझ्या भावाला 'स्वच्छ' लावता येईना म्हणून तो संपावर गेला. आता असं आहे की पाय मोडायचा असेल तर ती सोंगटी चौकोनात तिरकी ठेवायची. दिसायला विचित्र दिसतं, पण चालतं. अर्थात धक्का लागून चांगलं अक्षरही तिरकं होतं आणि मग "हे अर्धं होतं का पूर्ण?" यावर दहा मिनिटं जातात.

कुठलं अक्षर किती घ्यायचं हे ठरवायला आम्ही मूळ कर्त्याचीच युक्ती वापरली. आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानावर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून गुण ठरवले होते. आम्हीही एक अख्खं पान मोजलं. र आणि त भरपूर. ङ आणि ञ एकदाही नाहीत, त्यामुळे त्यांना घरचा रस्ता. ठ, ढ, झ ला जास्त गुण. इंग्रजी खेळासारख्याच एकूण १०० सोंगट्या, १५ बाय १५ चा पट. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा आहे, चार वर्षं टिकलाय.

शब्द खरा की खोटा हे शब्दकोश ठरवतो. आईच्या तोंडचे काही शब्द कोशात नसतात, तेव्हा कोश चुकीचा असतो.

दीड_फासा

बाराखडीताई, शेवटच्या वाक्यावर नवरा पाच मिनिटं हसला. हे नक्की करणार.

उलटा_उंट

अवांतर: कॅरम हा पटावरचा खेळ धरायचा का?

पटाईत_काका

नाही.

भिंगरी

हो.

चिडका_बिब्बा

त्यावर वेगळा धागा काढा. इथे राणीला कव्हर कुणी द्यायचं यावरून तीनशे प्रतिसाद होतील.

थंड_डोकं

७२ वर्षांच्या सासूबाई म्हटल्यावर माझं मत रमीकबला. पत्त्यांतली रमी येत असेल तर नियम दहा मिनिटांत कळतात. पत्त्यांऐवजी ठोकळे, १ ते १३ आकडे, चार रंग, प्रत्येकाचे दोन संच आणि दोन जोकर, मिळून १०६. ठोकळे उभे राहतात, त्यामुळे पत्ते धरताना बोटं दुखणाऱ्यांची सोय होते. प्रत्येकी १४ घ्यायचे, पहिल्यांदा मांडताना निदान ३० गुणांचं मांडायचं, आणि तिथून पुढे खरी मजा. टेबलावरचं सगळं सगळ्यांचं. दुसऱ्याने लावलेली ओळ मोडून, फिरवून, आपला ठोकळा घुसवता येतो. फक्त पाळी संपताना टेबलावरचा प्रत्येक संच नियमात बसला पाहिजे.

आमच्या आत्या पहिल्या दिवशी "मला नाही जमायचं" म्हणत बसल्या. तासाभराने त्यांनी टेबलावरच्या पाच ओळी उचकटल्या. आमच्या पोटात गोळा, की आता हे परत लागणार कसं. त्या ओठ हलवत, एकेक ठोकळा सरकवत गेल्या, सगळं परत जुळवलं आणि हातातला शेवटचा लाल ७ मधे ठेवून आम्हाला विचारलं, "संपला ना?"

चौघांचाच खेळ आहे, पण तुम्ही पाच. मुलाला आजीचा भागीदार करा. ठोकळे लावायला त्याचे हात, बघायला त्यांचं डोकं.

गुपचूप

सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध खेळायचं असे डावही आहेत. पँडेमिक (२००८) त्यातला नावाजलेला. चार रोगांच्या साथी जगभर पसरतायत, खेळणाऱ्यांनी मिळून औषधं शोधायची. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे, मधेच कुणी बाद होत नाही. हाही जास्तीत जास्त चौघांचा, पण जोडी करून बसता येतं.

एक धोका सांगून ठेवते. असल्या खेळात घरातला एक जण सेनापती होतो. "तू तिकडे जा, तू हे कार्ड दे, नाही नाही, तसं नको." बाकीचे त्याचे हात-पाय. आमच्याकडे तो सेनापती मी होते, हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

त्यावर उतारा म्हणून हानाबी घेतला. दोन ते पाच जणांचा, पत्त्यांचाच आहे, पट नाही. यात आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, तोंडं बाहेर करून धरायचे. दुसऱ्याच्या हातातल्या पत्त्यांबद्दल फक्त रंग किंवा आकडा सांगता येतो आणि सूचनाही मोजक्याच. सेनापतीलाच स्वतःचं काही दिसत नाही, मग हुकूम काय सोडणार? पहिल्या डावात मी तीनदा सवयीने पत्ते उलटे करून पाहिले. मुलं खूश.

चिडका_बिब्बा

आता माझाही एक अनुभव, माझ्याच विरुद्ध जाणारा.

मुलाला बुद्धिबळ शिकवलं तेव्हा मधे मधे मुद्दाम हरायचो. एकदा वजीर मुद्दाम उंटाच्या तोंडी दिला. पोराने वजिराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उंटाला हात न लावता दुसरंच प्यादं सरकवलं आणि म्हणाला, "बाबा, नीट खेळा." तेव्हापासून बंद.

मग वजीर पहिल्यापासूनच काढून ठेवायला लागलो. उघडपणे, त्याच्यासमोर. तो तीनदा जिंकला की मला वजीर परत, पण एक हत्ती कमी. आता माझं सगळं सैन्य परत आलंय आणि तरी तो दोनातून एकदा मारतो. यात लाडावणं नाही, कारण जे काही कमी आहे ते पटावर दिसतंय आणि खेळताना मी जीव तोडूनच खेळतो. जपान-चीनकडच्या 'गो' खेळात तर ही रीतच आहे, कच्च्या खेळाडूला आधीच काही सोंगट्या मांडून देतात.

तर बाहेर बसवण्याबद्दल माझं मत तेच. पण खोटं हरण्यापेक्षा हे बरं.

आकडेमोड

+१. चार-एका-ओळीत, म्हणजे कनेक्ट फोर, हा त्यासाठी छान. ७ उभे रकाने, ६ आडव्या ओळी. १९८८ मध्ये सिद्ध झालंय की पहिल्याने मधल्या रकान्यात टाकून सुरुवात केली आणि पुढे एकही चूक केली नाही तर तोच जिंकतो. लहानग्याला पहिली पाळी द्या. कागदावर तुम्ही हरलेलेच असता, तरी डाव खराच राहतो.

पटाईत_काका

कटान राहिलं. क्लाउस टॉयबर यांचा, १९९५ चा. १९ षटकोनी तुकड्यांचं बेट, १० गुण झाले की डाव संपला. कुणी बाद होत नाही आणि दुसऱ्याच्या पाळीतही अदलाबदलीचं बोलणं चालतं, त्यामुळे डुलकी लागत नाही. पाच जणांना मात्र जास्तीचा संच लागतो. कार्कासोन (२०००) पाच जणांना तसाच चालतो. ७२ तुकडे, एकेक उचलून नकाशा वाढवत न्यायचा. तुकडे संपले की डाव संपला, म्हणजे "संपलं का?" विचारणाऱ्याला गठ्ठा दाखवता येतो.

पण तुमच्या चिरंजीवांसाठी मी स्कॉटलंड यार्ड म्हणेन. १९८३ चा आहे, लंडनचा नकाशा. एक जण फरार मिस्टर एक्स, बाकी सगळे मिळून त्याच्या मागावर. तो कुठे आहे ते दिसत नाही, फक्त टॅक्सीने गेला, बसने की भुयारी रेल्वेने, एवढं कळतं. ३, ८, १३, १८ आणि २४ व्या चालीला त्याला तोंड दाखवावं लागतं. डब्यात त्याच्यासाठी टोपी असते, नकाशावर आपण कुठे बघतोय ते इतरांना कळू नये म्हणून.

दीड_फासा

अहवाल देते.

शनिवारी मोनोपॉली लिलावासकट खेळलो. फ्री पार्किंग बंद, आणि आमचा एक जादा नियम: पहिलं दिवाळं वाजलं की डाव तिथेच थांबवायचा आणि सगळ्यांची मालमत्ता मोजायची. १ तास १० मिनिटं. लिलावात सासूबाई कानाला हात लावून "किती म्हणालास?" विचारत आणि त्या गोंधळात समोरचा बोली वाढवून बसे. हे मुद्दाम होतं असा नवऱ्याला दाट संशय आहे. त्या जिंकल्या.

मराठी स्क्रॅबलचं पान मोजायला घेतलं, मुलगी मधेच कंटाळली, सोंगट्या अर्ध्या कापून पडल्यात.

आणि स्कॉटलंड यार्ड. शेजाऱ्यांकडून जुना डबा आणला, एक पोलीस हरवलेला, तिथे शर्टाचं बटण. चिरंजीव मिस्टर एक्स. टोपी नाकापर्यंत ओढलेली, वहीत आडव्या हाताआड आकडे लिहितोय. आम्ही चौघे कुजबुजत. १३ व्या चालीला प्रकट झाला, परत गायब. आम्ही तिघे नदीच्या दक्षिणेला जाळं लावत होतो. सासूबाई म्हणाल्या, नाही, वर आहे तो. कशावरून विचारलं तर बोलेनात. आपलं बटण सरकवत सरकवत वर नेलं आणि पुढच्या चालीला पकडला.

नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "आपलं माणूस त्याच्या जवळ गेलं की त्याचा टेबलाखालचा पाय हलायचा थांबतो. त्याला सांगू नकोस."

चिडका_बिब्बा

आजींना साष्टांग.

पटाईत_काका

बटण कुणाकडे होतं म्हणालात?

दीड_फासा

सासूबाईंकडे. आता त्या दुसरा पोलीस घ्यायला तयार नाहीत. चिरंजीव आज शाळेतून आल्या आल्या टोपी शोधतोय, आणि मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.